तीनशेवी केस

साळवे मॅडमच्या क्लासात पहिला महिनाभर पोरायच्या हातात औषध नाय, कुंकवाचं पाणी असायचं. शिशाच्या काचेमागं उभं राहायचं, दोन्ही हात बाजूनं आत घालायचे, बाटलीतलं लाल पाणी सिरिंजमध्ये ओढायचं, सिरिंज शिशाच्या नळीत बसवायची आणि बाजूला ठेवायची. सगळं वीस सेकंदात. खाली पांढराशुभ्र टिश्यू अंथरलेला. त्यावर कुंकवाचा एक ठिपका जरी पडला तरी मॅडम म्हणायच्या, "हा आत्ता तुझ्या अंगठ्यावर आहे, दुपारी तुझ्या पोळीवर असेल. परत कर." शंभरदा, दोनशेदा. पोरी रडायच्या, पोरं माघारी शिव्या घालायची. मी दारात उभा राहून बघायचो आणि मनात म्हणायचो, ही बाई एक दिवस मार खाणार.

मी बद्रीनाथ. मूळचा पैठणचा, आता मुकुंदवाडीत राहतो. आमच्या हॉस्पिटलच्या तळमजल्यावर, लिफ्टच्या मागं, न्यूक्लिअर मेडिसिनचं डिपार्टमेंट हाय. तिथं अकरा वर्षं झाली मी अटेंडंट हाय. पेशंटचे कागद घ्यायचे, नाव पुकारायचं, पाणी पाजायचं, टेबलावर चढवायचं. पोरं मला मामा म्हणतात. बाहेरचं कोणी विचारलं तर मी एवढंच सांगतो, की एक्स-रेवाले बाहेरून किरणं मारतात, आमच्यात किरणाचं औषध पेशंटलाच टोचतात आणि मग कॅमेरा अंगातून येणारी किरणं टिपतो. हाडात कुठं कॅन्सर उतरला असला तर फोटोत तिथं काळा डाग येतो. एवढं ऐकून माणूस घाबरतो आणि पुढं विचारत नाय.

हे औषध घरून डबा आणल्यासारखं साठवता येत नाय, हीच सगळी बोंब हाय. आठवड्याला एकदा मुंबईहून शिशाचं जड डबडं येतं. त्याला जनरेटर म्हणतात, पण वीज-बीज काय नाय. त्यातून रोज सकाळी औषध काढायचं. मॅडम त्याला दूध काढणं म्हणायच्या. सोमवारी म्हशीएवढं निघतं, शुक्रवारी शेळीएवढं. आणि काढलेलं सहा तासात निम्मं होतं. पेशंटची बस चुकली की औषध गेलं.

मंजुषा साळवे बजाजनगरच्या. वडील वाळूजच्या एका कंपनीत प्रेसवर होते. सुपरवायझरला घाई होती म्हणून हात वाचवायचा गार्ड न लावता मशीन चालवलं, आणि उजव्या हाताची दोन बोटं गेली. मॅडम तेव्हा सातवीत. हे त्यांनी मला एकदाच सांगितलं, तेही मी पेशंटला घाई करायलो म्हणून. मुंबईला शिकल्या, तिथंच सहा वर्षं नोकरी केली, मग आईसाठी परत आल्या. लग्न नाय केलं. रविवारी बजाजनगरच्या विहारात दहावीच्या पोरायला फुकट गणित शिकवायच्या. आमच्या इथं टेक्नॉलॉजिस्ट त्या, रेडिएशन सेफ्टीचं काम त्यांच्याकडं, आणि कोर्सच्या मास्तरीणही त्याच. पगार मात्र एकाच कामाचा.

पोरायला नोकरीला लावायचं म्हणजे यांचा काय खटाटोप! मुलाखतीची तालीम घ्यायच्या. मला खुर्चीवर बसवायच्या, "मामा, आज तुम्ही साहेब. विचारा." मी विचारायचो, "का रे, पगार किती पायजे?" पोरं हसायची, मॅडम चिडायच्या. "हसू नका. असंच विचारतात. सांगा." देशभर जिथं जिथं असला कॅमेरा हाय, तिथल्या माणसाचा नंबर त्यांच्या मोबाईलमध्ये होता. नऊ बॅचा गेल्या, एक पोरगं घरी बसलं नाय. आम्ही चेष्टेनं म्हणायचो, मॅडमचं लग्न जमवायचं ऑफिस हाय.

दहावी बॅच शेवटची. कॉलेजनं कोर्स बंद केला. पोरं मिळंनात म्हणे. चौघंच उरले होते, त्यातली एक प्रेरणा.

प्रेरणा पाचोडची. वडील आप्पासाहेब, बाजारात मोटारी रिवायंडिंगचं दुकान. पोरगी बोलायला कमी, पण हात असा की सुई गेलेली पेशंटला कळायची नाय. जानेवारीत बाजाराच्या दिवशी आप्पासाहेबाला टेम्पोनं उडवलं, मांडीचं हाड मोडलं. बाकीचे तिघं दोन महिने पुण्याला पोस्टिंगला गेले आणि लॉगबुक भरून आले. ही बापाच्या खाटंपाशी राहिली. आणि तिथंच सगळा घोळ झाला.

लॉगबुक म्हणजे परीक्षेला बसायचा परवानाच समजा. तीनशे केसा लागतात. प्रत्येक केसला एक पान. वर पेशंटची आद्याक्षरं, वय, किती औषध, कोणत्या हातात, किती वाजता. मध्ये स्कॅनचा फोटो चिकटवायचा. खाली विद्यार्थ्यानं स्वतःच्या हातानं लिहायचं, फोटोत काय दिसतंय. मग मॅडमची सही. एक केस कमी असली तरी हॉलतिकीट नाय. पुढची परीक्षा कधी? कोर्सच बंद, घेतली तर घेतली. आणि इकडं नाशिकच्या एका नव्या कॅन्सर हॉस्पिटलचं पत्र आलेलं. एक जुलैला हजर व्हा, पास झाल्याचा कागद आणा, नायतर जागा दुसऱ्याला.

मार्चात आली तेव्हा तिच्या एकशे नव्वद झाल्या होत्या. रात नाय दिवस नाय करू, म्हणली. तर एप्रिलात कॅमेराच बंद पडला. कंपनीचा माणूस आला, झाकण उघडलं, पार्ट बाहेरून येणार म्हणला आणि गेला तो पाच आठवडे आलाच नाय. मॅडम रोज फोन लावायच्या. आधी इंग्रजीत, मग मराठीत, मग नुसत्या विनवण्या. कॅमेरा सुरू झाला तेव्हा मेची वीस तारीख उजाडली होती आणि लॉगबुक जमा करायची शेवटची तारीख सहा जून, शुक्रवार, संध्याकाळी पाच. मॅडमनी स्वतः सुई हातात धरायचं सोडलं. येईल तो पेशंट प्रेरणाचा. गावातल्या डॉक्टरायला फोन करायच्या, "सर, कोणी आहे का? थायरॉइड असेल, किडनी असेल, काहीही पाठवा." एक डॉक्टर हसून म्हणला, "काय मॅडम, टार्गेट आहे का?" मॅडमनी फोन ठेवला. मला लई वाईट वाटलं. पण त्यांनी लगेच दुसरा नंबर लावला.

सहा तारखेच्या सकाळी दोनशे अठ्ठ्याण्णव झाल्या होत्या. त्या दिवशी पेशंट दोन. मालनबाई, हाडाच्या स्कॅनसाठी. सरूबाई, किडनीच्या. दोन आणि दोनशे अठ्ठ्याण्णव, झाले तीनशे. मी घरून निघताना बायकोला म्हणलो, आज पोरगी सुटली.

आता माझं ऐका, कारण हे मला कोणी विचारलं नाय आणि मी लपवणार नाय.

मॅडम मला दहा वर्षं सांगत आल्या, "मामा, पेशंटचं नाव पुकारू नका. पेशंटलाच नाव सांगायला लावा." कारण आपल्याकडच्या बायायला नंबर जायची भीती. कोणतंही नाव घ्या, बाकावरचं पहिलं माणूस उठतंच. पोरायलाही हेच. 'तुम्ही अमुक ना?' असं विचारायचंच नाय. 'तुमचं नाव काय?' असं विचारायचं आणि कागदाशी ताडून बघायचं. मी हो हो म्हणायचो आणि ओरडायचो. सवय!

दहा वाजता औषध तयार झालं. मी दारात येऊन ओरडलो, "मालनबाई! कोण हाय मालनबाई?" मालनबाई बाथरूमला गेलेली. बाकावर एकटी सरूबाई. ती पिशवी घेऊन उठली आणि मी तिला आत घेतलं. मॅडम नेमानं पोरांशेजारी उभ्या राहतात. त्या दोन मिनिटापुरत्या फोनवर गेल्या होत्या, वेळेला एखादा जास्तीचा पेशंट मिळतो का बघायला. प्रेरणा तीन रात्री झोपली नव्हती. सिरिंज हातात घेऊन तिनं विचारलं, "मालनबाई ना?"

सरूबाई म्हणली, "व्हय."

दहा मिनिटांनी खरी मालनबाई पदराला हात पुसत आली. "दादा, माजा नंबर गेला का वो?"

मी तसाच पळत सुटलो. आत गेलो तर प्रेरणा वहीत लिहायली होती, दोनशे नव्याण्णव. मी म्हणलो, "पोरी, थांब." ती माझ्या तोंडाकडं बघूनच समजली. वही तशीच ठेवून भिंतीला टेकून खाली बसली.

मॅडम आल्या. सरूबाईजवळ स्टूल ओढून बसल्या आणि विचारलं, "मावशी, तुमचं नाव काय?"

"सरूबाई."

"मग मघाशी मालनबाई म्हणल्यावर हो कशाला म्हणलात?"

"आता काय करावं बाई! नाय म्हणलं तर नंबर जाईल वाटलं. पहाटं पाचच्या यष्टीनं आले. म्हणलं, व्हय म्हणू, मग बघू."

दुसरं कोणी असतं तर त्या बाईलाच झापलं असतं. मी तर झापायलाच निघालो होतो, खोटं कामून बोलू! मॅडमनी तिचा हात धरला. "मावशी, चूक आमची झाली. तुम्हाला दुसऱ्या बाईचं औषध टोचलं. त्यानं तुम्हाला घाबरण्यासारखं काही नाही, पण आज पाणी भरपूर प्यायचं. आणि किडनीचा फोटो आज निघणार नाही. सोमवारी या, मी स्वतः करीन." सरूबाईला निम्मं कळलं, निम्मं नाय. "तुमी एवढं हात जोडू नका बाई," म्हणली आणि पाण्याची बाटली उघडून प्यायला लागली.

मालनबाईला नवीन औषध तयार करून टोचलं. टोचलं प्रेरणानंच. पण यावेळी नाव विचारलं, बापाचं नाव विचारलं, गाव विचारलं. झाल्या दोनशे नव्याण्णव. आणि आता पेशंट संपले.

आमचे विभागप्रमुख विश्वजीत सर चांगले माणूस. त्यांनी सगळं ऐकलं, केबिनचं दार लोटलं. मी पाणी द्यायला आत होतो. ते म्हणले, "मंजुषा, टोचलं तर तिनंच ना? सरूबाईचं पान आजच्या तारखेनं करा. फोटो सोमवारी चिकटवू, कॉलेजात मी बोलतो. मुलीच्या आयुष्याचा प्रश्न आहे."

मी पण मध्ये तोंड घातलं. "व्हय मॅडम, कोण बघायला बसलंय?"

मॅडमचा आवाज चढला. एवढ्या वर्षांत सरांसमोर पहिल्यांदा. "सर, तीन वर्षं मी तिला एकच शिकवलं, चूक झाली की आधी लिहायची. आज तिची पहिली चूक झाली आणि मीच तिला लपवायला शिकवू? मग नाशिकला ही काय करील? तिथं कॅन्सर जाळायचं औषध देतात. ते चुकीच्या माणसाला गेलं तर सोमवारी या म्हणून भागत नाही." मग माझ्याकडं वळल्या. "आणि ती बाई आपल्या लॉगबुकासाठी पाचच्या बसनं आली नव्हती, मामा."

मी ग्लास उचलून बाहेर आलो. यायलाच पायजे होतं.

मॅडमनी झालेल्या चुकीचा रिपोर्ट लिहायला घेतला. "देखरेख माझी होती, मी जागेवर नव्हते," असं स्वतःच्या हातानं लिहून सही केली. मग फोन. अकरा वाजले, साडेअकरा वाजले. कोणाकडंच पेशंट नाय. शुक्रवारी कोण पाठवतं? प्रेरणा जिन्यावर बसलेली. तिच्या बापाचा फोन आला, मला ऐकू येत होतं. "झालं का गं तीनशे? मी पेढे सांगू का?" पोरीनं "नंतर करते" म्हणून फोन ठेवला आणि तोंडात ओढणी कोंबली. मला ते बघवंना. मी मॅडमकडं गेलो आणि बाही वर केली.

"मला टोचा. मी पेशंट. गुडघे दुखतात माझे."

"मामा, हा काय प्रसाद आहे वाटायला? ज्याला गरज नाही त्याला एक थेंबही नाही."

"मग पोरीनं काय करायचं? मरायचं का?"

मॅडमनी घड्याळाकडं बघितलं.  बारा वाजायला आले होते. मग उठल्या, स्वतःचं लॉकर उघडलं, पर्समधून चार घड्या घातलेला कागद काढला आणि विश्वजीत सरांच्या पुढं ठेवला.

"सर, हा पेशंट आहे. सही करा."

सरांनी कागद उलगडला. वाचला. चष्मा काढला, परत वाचला. मला काही कळंना, म्हणून मी मागून डोकावलो. वर लिहिलेलं, मंजुषा साळवे, वय त्रेचाळीस. कंबरेत सतत दुखणं. हाडांचा स्कॅन लवकरात लवकर करावा. तारीख अकरा फेब्रुवारी.

चार वर्षांमागं मॅडमचं छातीचं ऑपरेशन झालं होतं. कॅन्सरचं. आम्हाला सगळ्यायला माहीत होतं. पण त्या दोन महिन्यात कामाला आल्या, केस परत आले, आणि आम्ही विसरून गेलो. मी तर पारच विसरलो होतो.

माझं डोकंच फिरलं. मी ओरडलो, "फेब्रुवारीत कॅमेरा चालू होता की वो! रोज पाच-पाच जणायला झोपवत होतो आपण! तुम्हाला कामून नाय झोपता आलं?"

"रांग होती, मामा. लांबून आलेले पेशंट होते. मग एप्रिलात कॅमेरा गेला."

"आणि मेमध्ये?"

"मेमध्ये काही निघालं असतं तर मला लगेच ॲडमिट केलं असतं. पोरांना परीक्षेपर्यंत कोणी नेलं असतं?" एवढं बोलून त्या सरांना म्हणल्या, "सर, वेळ जातोय. औषध उतरतंय. तीन तास थांबावं लागतं, स्कॅनला अर्धा तास. आत्ता टोचलं तरच पाचच्या आत होईल."

सरांनी सही केली. त्यांचे डोळे भरले होते. "हे आधीच करायला हवं होतं," एवढंच म्हणले.

प्रेरणानं ऐकलं आणि मागंच सरकली. "मी नाही टोचणार. मॅडम, तुम्ही पुण्याला करा, मुंबईला करा, मी पुढच्या वर्षी बसते, नाही बसत, मी नाही."

"मग नाशिकचं पत्र फाड आणि पाचोडला जा," मॅडम म्हणल्या. एवढ्या कडक, की मलाच राग आला. मग आवाज उतरला. "बाळा, मला हा स्कॅन करायचाच आहे. कोणीतरी टोचणारच. तुझ्याइतका चांगला हात माझ्या ओळखीत दुसऱ्या कोणाचा नाही. चल."

सव्वाबाराला टोचलं. मॅडमनी खुर्चीत बसून डावा हात पुढं केला. ऑपरेशन उजवीकडचं. प्रेरणानं नाव विचारलं, वय विचारलं, काय तपासणी ते विचारलं. मॅडमनी नव्या पेशंटासारखी सगळी उत्तरं दिली. सुई गेलेली त्यांना कळलीही नसंल. प्रेरणाच्या गालावरनं पाणी चाललं होतं, पण हात हलला नाय.

ते तीन तास कसे गेले, मला विचारू नका. मध्ये मालनबाईचा स्कॅन उरकला, तिचं पान भरलं. मी तांब्यानं पाणी नेऊन द्यायचो. मॅडम प्यायच्या आणि, अंगात किरणाचं औषध म्हणून, लांब बसून प्रेरणाला तोंडी परीक्षेचे प्रश्न विचारायच्या. औषध किती तासात निम्मं होतं? सांडलं तर आधी काय करायचं? पेशंट गरोदर असेल तर? पोरगी उत्तरं द्यायची, मध्येच अडकायची, मॅडम म्हणायच्या, "परत सांग."

सव्वातीनला त्या स्वतः टेबलावर चढल्या. मी हात दिला तेव्हा कंबरेतनं कळ आली, दात आवळले त्यांनी. एवढी कळ सोसून ही बाई चार महिने उभी राहत होती आणि मी रोज तिच्यासमोर गुडघ्याचं रडगाणं गायचो. कॅमेरा डोक्याकडून पायाकडं सरकायला लागला. पडद्यावर फोटो वरून खाली येत गेला. कवटी, खांदे, बरगड्या. मला काही शिकवलेलं नाय, पण अकरा वर्षं बघतोय. उजव्या बरगडीत एक काळा डाग आला. मग दुसरा. मग कंबरेच्या मणक्यात एवढा मोठा, की मी पाठ फिरवली. मनात म्हणलं, देवा, हे काय रे केलंस.

स्कॅन संपला. मॅडम उतरल्या, चप्पल घातली, पडद्यासमोर येऊन उभ्या राहिल्या. बघितलं.  मग म्हणल्या, "प्रेरणा, काय दिसतंय?"

"मॅडम, नको ना."

"मॅडम नाही. पेशंट आहे, पेशंट विचारतेय. काय दिसतंय, मोजून सांग."

पोरीनं मोजलं. बोट पडद्यावर ठेवून एकेक. "उजवी पाचवी बरगडी. उजवी सातवी. कंबरेचा तिसरा मणका. चौथा. डावा खुबा."

"माझ्या मते छातीतलाही एक मणका आहे. तू काय म्हणतेस?"

"नाही मॅडम. डाग कडेला आहे, झिजेचा. तो साधा आहे, कॅन्सरचा नाही."

मॅडम वाकून बघत राहिल्या. "बरोबर आहे तुझं," म्हणल्या. "लिही."

तिनं लिहिलं. फोटो चिकटवला. मॅडमनी सही केली आणि घड्याळ बघितलं. चार वाजायला दहा कमी. "मामा, गाडी काढा."

मी प्रेरणाला मोटारसायकलवर मागं बसवलं. लॉगबुक तिनं छातीशी धरलेलं. जालना रोडला ट्राफिक, क्रांती चौकात ट्राफिक, स्टेशनच्या पुलावर एक रिक्षावाला आडवा. मी त्याला दिलेल्या शिव्या इथं लिहीत नाय. पैठण रोडवरच्या कॉलेजच्या ऑफिसात पावणेपाचला वही जमा झाली. कारकुनानं पानं मोजली, शेवटच्या पानावर शिक्का मारला, "झालं," म्हणला. प्रेरणा तिथंच पायरीवर बसून ओक्साबोक्शी रडली. मी तिला गप बस म्हणलो नाय, कारण मला पण तेच करायचं होतं.

मॅडमचे उपचार दुसऱ्या दिवशीच सुरू व्हायचे होते. त्यांनी डॉक्टरकडून पंधरा दिवस मागून घेतले. कशासाठी? तर अठरा जूनला प्रॅक्टिकल, आणि इंटर्नल परीक्षक त्या. कंबरेला पट्टा बांधून आल्या. बाहेरून आलेले परीक्षक वयस्कर, मुंबईचे, जाडजूड माणूस. त्यांना कोणी काही सांगितलेलं नव्हतं. मॅडमनीच सांगू दिलं नव्हतं.

प्रेरणाचा नंबर आला. मी पाण्याचे ग्लास घेऊन आत होतो. परीक्षकांनी लॉगबुक मागून उघडलं. हे परीक्षक लोक मागूनच उघडतात. पोरं सुरवातीची पानं नीट लिहितात आणि शेवटची कशीतरी उरकतात, हे त्यांना ठाऊक असतं. तीनशेवं पान. एम. एस., स्त्री, त्रेचाळीस.

"सांगा, काय दिसतंय?"

प्रेरणा मॅडमकडं बघायली. मॅडम खाली मान घालून मार्कांच्या कागदावर रेघा मारत होत्या. "उत्तर द्या," म्हणल्या. पहिल्यांदाच तिला 'तुम्ही' म्हणून. "वेळ जातोय."

प्रेरणानं सांगितलं. बरगड्या, मणके, खुबा. औषध किती, हात कोणता, वेळ किती. परीक्षकांनी छातीतल्या त्याच मणक्यावर पेन ठेवून विचारलं, हा का नाही? तिनं ते पण समजावून सांगितलं. ते खूष झाले. चेहऱ्यावर दिसतच होतं.

"आता शेवटचा प्रश्न. स्कॅन झाल्यावर टेबलावरून उठता उठता पेशंटनं विचारलं, ताई, काय दिसतंय? तर टेक्नॉलॉजिस्टनं काय सांगायचं?"

"काही सांगायचं नाही, सर. रिपोर्ट डॉक्टर देतील, असं म्हणायचं."

"शाब्बास. आणि या पेशंटनं विचारलं होतं?"

"हो सर."

"मग तुम्ही तेच सांगितलंत ना?"

मी मनात म्हणलं, पोरी, हो म्हण. एक हो म्हण आणि सूट. प्रेरणाच्या ओठाची कातडी निघाली होती एवढी ती चावायली होती.

"नाही सर. सगळं सांगितलं. मोजून सांगितलं."

परीक्षकांनी चष्म्यावरून बघितलं. "का पण? ही तर अगदी पायाची गोष्ट आहे. बिचारीची काय अवस्था झाली असेल, विचार केला का तुम्ही?"

"तिनं विचारलं, सर," प्रेरणा म्हणली. "मला खोटं नाही बोलता आलं."

ते मॅडमकडं वळले. "मुलगी हुशार आहे हो. पण इथं दोन मार्क कापावे लागतील. तुमचं काय म्हणणं?"

मॅडमनी मान वर केली. प्रेरणाकडं नीट बघितलं. मग पेन उचललं.

"कापा, सर," त्या म्हणल्या. "चूक लपवायची नाही, हे मीच शिकवलं होतं तिला."